बाईंची सुतळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि आधी डोळ्यांसमोर आला तो शाळेमागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. भर पावसात, पदर खोचून कातळावर उकिडव्या बसलेल्या आमच्या विज्ञानाच्या बाई. शाळेबद्दल लिहायला सांगितलंय खरं, पण माझ्यापुरती शाळा म्हणजे बाईच.

गणपतीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी बाई आठवीच्या वर्गाला सड्यावर न्यायच्या. बरोबर सुतळी, एक भिंग आणि आलेखाची वही. चार दगडांना सुतळी ताणून मीटरभर चौकोन करायचा, एक उघड्या कातळावर, एक बोटभर माती साचलेल्या खळग्यात, एक डबक्याच्या काठाला. आतलं एकूण एक रोप मोजायचं. नाव विचारलं की म्हणायच्या, "नाव मागाहून. आधी सांग, हे उन्हाळा कसा काढतं?"

या एका प्रश्नाने सडा उलगडत गेला. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात पाय ठेववत नाही असा तापलेला जांभा. दीपकाडी तो काळ जमिनीतल्या कांद्यात काढते. गेंद पावसाळ्यातच उगवून, फुलून, बी टाकून मोकळा होतो. पाण्याबरोबर मातीतला कस वाहून जातो, म्हणून दवबिंदू नावाचं रोप पानांवरच्या चिकट केसांनी किडे धरतं. आणि सीतेची आसवं! ती निळी-जांभळी फुलं आम्ही जन्मापासून तुडवत होतो. बाईंनी एक रोप अलगद उपटून मुळाशी भिंग धरलं, तेव्हा सुईच्या टोकाएवढे फुगे दिसले. त्यांत अगदी बारीक जीव अडकतात. मी किती तरी वेळ भिंग सोडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी घरी एक उद्योग केला. सीतेच्या आसवांचा गड्डा मातीसकट उचलून गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात लावला आणि लवकर वाढावा म्हणून वर शेणखत घातलं. पंधरा दिवसांत डब्यात टाकळा आणि गवत माजलं, फुलं दिसेनाशी झाली. रडवेला होऊन डबा शाळेत नेला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरा डबा आणवला, तळाला भोकं न पाडता त्यात सड्यावरची रेवट माती नि पाणी भरलं आणि नवं रोप लावलं. दोन्ही डबे वर्गाच्या खिडकीत शेजारी शेजारी राहिले. दुसऱ्यातली फुलं पाऊस सरेपर्यंत टिकली. "चांगल्या मातीत ते जगलं असतं रे," बाई म्हणाल्या, "पण तिथे बाकीचे त्याला जगू देत नाहीत. इथे बाकीच्यांना टिकता येत नाही."

आज मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पानाचं क्षेत्रफळ मोजून त्याला वाळलेल्या वजनाने भागायचं, त्यावरून झाडाची राहणी ओळखायची, हे माझं रोजचं काम. क्षेत्रफळ आता संगणक काढतो. बाई आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायला लावायच्या. दरवर्षी मुलांना साताऱ्याजवळच्या कास पठारावर नेतो. पश्चिम घाटाबरोबर कासही 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, त्याचा आनंद आहेच. पण तिथली गर्दी पाहिली की आपला सडा आठवतो, ज्याला सरकारी कागदावर पडीक म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात येऊन गेलो. सड्याच्या बऱ्याच भागात सुरुंग लावून खड्डे केलेत, बाहेरची माती भरून आंब्याची कलमं लावलीत. पोटापाण्याचा प्रश्न मला कळतो, आमच्या घरचीही कलमं आहेत. पण कलमांच्या बुंध्याशी टाकळा आणि रान माजलेलं पाहिलं आणि माझा तो पहिला डबाच समोर आला.

पाण्याच्या टाकीमागचा पट्टा मात्र अजून तसाच आहे. डबक्याच्या काठाला गेंद होता, दवबिंदूही होता. शाळेने तेवढा पट्टा कृपा करून सपाट करू नये. बाई आता नाहीत, पण गणपतीच्या आधीच्या शनिवारी आठवीची मुलं माझ्या हवाली केलीत तर सुतळी मी घेऊन येईन.