फोमचा तुकडा

"फोमच्या तुकड्यानं यान पडतं होय? काहीतरी लपवतायत." कल्पना चावलाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आज पुन्हा ऐकलं.

गंमत म्हणजे २००३च्या फेब्रुवारीत, अपघातानंतर, नासाच्या स्पेस शटल (अवकाशयान) कार्यक्रमाच्या प्रमुखांनाही हे पटत नव्हतं. पत्रकार परिषदेत त्यांनी फोमचा तुकडा हातात धरून तसं बोलूनही दाखवलं होतं.

घोळ वेगाच्या हिशोबात आहे. उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला यानाच्या बाहेरच्या इंधनटाकीवरून तिच्या आवरणाचा सुमारे पाऊण किलोचा फोम सुटला. हलका होता, म्हणूनच घातक. हवेनं त्याला क्षणात मागे रोखलं आणि वेगानं वर जाणारं कल्पनाचं यान, कोलंबिया, त्याच्यावर जाऊन आदळलं. दोघांच्या वेगातला फरक ताशी ८०० किलोमीटरहून जास्त! फोम यानावर "पडला" म्हणणंच चुकीचं.

मार लागला डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला. तिथलं कार्बनचं कवच उष्णता झेलतं, पण ठिसूळ असतं. सोळा दिवसांनी, १ फेब्रुवारीला परतताना तिथून तापलेला वायू आत शिरला आणि आतला ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळला.

जुलैत तपास करणाऱ्यांनी टेक्सासमध्ये वायूच्या तोफेतून तसाच फोम खऱ्या कवचावर झाडला. साधारण ४० सेंटीमीटरचं भगदाड! बघणाऱ्यांच्या तोंडून नुसता "आँ!" निघाला.

ते भगदाड बघेपर्यंत किती जाणकारही "फोमच तर आहे" म्हणत होते. मग कट्ट्यावरच्या माणसाला काय बोलायचं?