आधी काटा, मग अर्ज

"मॅडम, नव्या यंत्रांच्या स्पर्धांत तुम्हाला बक्षिसं मिळतात कशी? अर्जात नेमकं लिहिता काय?" कॉलेजात परीक्षक म्हणून गेले की हा प्रश्न ठरलेला. परवा नाशकातल्या सातपूरला टपरीवर चहा पिताना एका शिकाऊ पोरानेही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण सुरुवात हरल्यापासून करावी लागेल.

अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. कांदा साठवायच्या चाळीत ढिगाच्या पोटात कांदा सडायला लागला की वास सुटतो, आणि तो आपल्या नाकाला कळेपर्यंत शेजारचा कांदाही गेलेला असतो. हा वास आधीच टिपणारं यंत्र मी केलं. पहिल्या अर्जात सेन्सर, बोर्ड, मोबाइल ॲप यांचं रसभरीत वर्णन होतं आणि 'शेतकऱ्यांचं प्रचंड नुकसान होतं' असं एक वाक्य. मुंबईत सादरीकरण झालं. एका परीक्षकांनी विचारलं, "चाळ म्हणजे, माणसं राहतात ती?" मला हसू आलं, पण चाळ कसली हे अर्जात मीच लिहिलं नव्हतं. मग शेजारच्या बाईंनी विचारलं, "प्रचंड म्हणजे किती किलो?" माझी बोलती बंद.

निफाड तालुक्यातल्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तोलून बघ की गं. काटा घरात पडलाय."

पुढच्या एप्रिलात उन्हाळ कांदा चाळीत भरताना आम्ही ५० किलोच्या सहा जाळीदार गोण्या तोलल्या, चिठ्ठ्या बांधल्या आणि ढिगात वेगवेगळ्या खोलीवर ठेवल्या. ऑक्टोबरात चाळ फोडली तेव्हा पुन्हा तोलल्या. सडका कांदा वेगळा, मोड आलेला वेगळा, आणि राहिलेली घट म्हणजे नुसतं वाळून गेलेलं वजन. माझा मोठा भ्रमनिरास झाला. सड होती, पण वाळून आणि मोड येऊन गेलेला माल त्याहून जास्त होता, आणि त्यावर माझं यंत्र काहीच करू शकत नव्हतं. मामी म्हणाल्या, "आता हे लिहू नकोस बाई." मी लिहिलं. तिन्ही आकडे दिले आणि खाली: 'हे यंत्र फक्त सडीसाठी आहे.' त्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांचे निम्मे प्रश्न त्या एका ओळीवरच होते, आणि सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे गोण्यांच्या वजनासकट होती.

आता मी स्वतः परीक्षक असते तेव्हा कळतं. रात्री जेवण झाल्यावर चाळीस-पन्नास अर्ज वाचायचे असतात. 'क्रांतिकारी' हा शब्द दिसला की पेन आपोआप पुढच्या अर्जाकडे जातं. कुठे, कोणाकडे, किती दिवस चालवून बघितलं, हे पहिल्या चार ओळींत असेल तर मी सावरून बसते.

स्पर्धा निवडताना पात्रतेची ओळ दोनदा वाचा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन विद्यार्थ्यांसाठी आहे. संघात सहा जण लागतात, त्यांत किमान एक मुलगी. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन २००० साली सुरू झालं, ते मुख्यतः कोणत्याही संस्थेच्या मदतीशिवाय काही घडवणाऱ्या शेतकरी-कारागिरांसाठी. तिथे माझी डिग्री उपयोगाची नाही, मामा मात्र चालतील. मला स्वतःला महाराष्ट्र स्टार्टअप वीकची रीत आवडते, कारण तिथल्या विजेत्यांना ट्रॉफीवर न थांबवता सरकारी वर्क ऑर्डर देतात. यंत्र खरोखर कुठेतरी बसतं.

पेटंटचंही ऐका, इथे मी तोंडघशी पडले आहे. एका प्रदर्शनात यंत्र उघडून, आतली जोडणी समजावून, सगळ्यांना फोटो काढू दिले. पेटंटचा अर्ज मात्र केलेला नव्हता, आणि अर्जाआधीच जगजाहीर झालेल्या गोष्टीचं पेटंट मिळणं अवघड. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलं तर १२ महिन्यांची सवलत मिळते. कॉलेजच्या हॉलमधल्या प्रदर्शनाला ती कुठून मिळणार? तेव्हा स्पर्धेआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन १,६०० रुपये लागतात आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. स्टॉलवरच्या फ्लेक्सला याहून जास्त खर्च होतो.

२०२७ चा कुंभ येतोय, म्हणून सध्या नाशकात जो तो गर्दीवर ॲप काढतोय. गेल्या कुंभाच्या वेळी, २०१५ मध्ये, आपल्याच गावचे, अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर तोडगे शोधायची मोहीम, झाली होती. त्यातल्या नाशिकच्या पोरांनी पायाखालून जाणारी माणसं मोजणारी चटई केली आणि ती कुंभाच्या गर्दीत अंथरून पाहिली. तुमचं ॲप घेऊन आधी रामकुंडावर एखाद्या अमावास्येला उभे राहा. नेटवर्क किती वेळ टिकतं ते वहीत लिहा. स्लाइड नंतर करा.

ट्रॉफी मामांकडे नेली होती. त्यांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली, फडताळात ठेवली आणि म्हणाले, "सडीचं झालं. मोडांचं काय करतेस?"

यंदा आठ गोण्या भरल्या आहेत.