मीटरगेजवरचा बेल्जियन बार: डुबेल प्या, ट्रिपेल टाळा, बिल वाचल्याशिवाय गोळा देऊ नका

निकाल आधी. डुबेलसाठी, म्हणजे गडद बेल्जियन बिअरसाठी, संभाजीनगरहून मुद्दाम जावं. विट, म्हणजे गव्हाची बिअर, चांगली आहे. ट्रिपेलच्या, म्हणजे फिकट पण कडक बिअरच्या, नादी लागू नये आणि बाहेरून आलेल्या बाटल्यांकडे तर बघूही नये. रस्ता वैताग आणतो, बिल त्याहून जास्त. बिलाची तक्रार पुढे सविस्तर केली आहे, म्हणून जागेचं नाव देत नाही. पैठण रस्त्याला, बिडकीनच्या अलीकडे आत आहे. त्या भागात बेल्जियन बिअर म्हणून विचारलं तर कुणी दुसरी जागा दाखवणार नाही.

रस्त्याचं नीट वाचा. मोबाइलचा नकाशा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या अलीकडेच डावीकडे वळवतो आणि 'चार मिनिटं वाचतील' म्हणतो. ती पाणंद आहे. सुरुवातीला मुरूम टाकलाय, त्यामुळे फसायला होतं. पाचशे मीटरवर मुरूम संपतो आणि निव्वळ काळी माती लागते. कोरड्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल की सेडानचं पोट घासतंच. पावसात ही माती चाकाला थरावर थर चढते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक जागच्या जागी फिरतं. तिथे अॅक्सिलरेटर दाबला की गाडी आणखी रुतते. ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि रात्री आठनंतर ट्रॅक्टरवाला म्हणेल तो भाव. म्हणून नकाशा काहीही सांगो, जिनिंगची भिंत पूर्ण संपू द्या, पुढची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) दिसली की मगच वळा. हा रस्ता लांबचा, पण डांबरी आहे. त्यावर एकच नळकांडी पूल खचलाय, तिथे पहिल्या गिअरमध्ये उजवी बाजू धरायची.

परतीचा त्रास वेगळाच. ऊसतोडीच्या हंगामात पैठण रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. समोरून अपर मारत कुणी आलं की ट्रॉली दिसेनाशी होते. चाळीसच्या वर जाऊ नका. दुचाकीने जायचं तर दिवसाउजेडी जाऊन दिवसाउजेडी परत या. रात्री दुचाकी नकोच.

गाडी चालवणाऱ्याने इथे थेंबही घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. ८ टक्क्यांचा ३३० मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे सुमारे २१ ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाला तो एकटाच मर्यादेपलीकडे नेतो. ५ टक्क्यांच्या विटचा एक ग्लासही काठावर आणून सोडतो. 'एकच तर घेतली' हे इथे चालत नाही, कारण ग्लास लहान दिसला तरी आतला माल आपल्या नेहमीच्या माइल्डचा नसतो. अॅपवरच्या टॅक्सीच्या भरवशावर राहू नका: सोडायला येते, न्यायला येत नाही. शहरातूनच जाऊन-येऊन गाडी ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्या.

आता जागा. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून. त्याच्या आपल्या बाजूच्या भागाचं रुंदीकरण नव्वदच्या दशकात झालं. त्या जुन्या छोट्या स्टेशनासारखा सगळा बार उभा केलाय. बाक सागवानी, पाट्या मराठी-उर्दू-इंग्रजी, ऑर्डर तिकीट खिडकीवर. पैसे आधी भरायचे नाहीत; बिअरचं नाव सांगितलं की पुठ्ठ्याचं जाड तिकीट तारखेच्या यंत्रात खटकन दाबून मिळतं. टेबलाला एक वेताची रिंग देतात. तिला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा, त्यावर टेबलाचा आकडा. रेल्वेच्या एकेरी मार्गावर असा गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरला पुढचं स्टेशन गाठता येत नसे. इथे गोळा खिडकीवर परत दिल्याशिवाय बिल बंद होत नाही. हरवला तर ५०० रुपये. पोरं त्या रिंगा गळ्यात घालून फोटो काढतात आणि गोळा बाकाखाली घरंगळतो, तेव्हा पिशवीचं बंद तपासा.

शांतता मात्र खरी आहे. गाणी नाहीत, टीव्ही नाही, क्रिकेट नाही. सहापेक्षा जास्त माणसांना एकत्र बसवत नाहीत. फोन आला तर बाहेरच्या फलाटावर जायचं, आणि तिथे डास भरपूर. शनिवारी रात्री ही शांतता नावापुरती उरते. आठवड्याच्या मधल्या दिवशी चार ते सात ही खरी वेळ.

पाटीवर 'बेल्जियन बिअर' लिहिलंय त्यावर जाऊ नका. नळावरच्या सगळ्या मागच्या शेडमध्येच बनतात, फक्त पद्धत बेल्जियन. यात खोटं काही नाही, कारण त्या चवीचा मोठा भाग यीस्टमधून येतो आणि ते यीस्ट मागवता येतं. केळ्याचा आणि लवंगेचा वास त्याचाच. कुणी लवंग टाकत नाही. न मागवता येणाऱ्या गोष्टी दोन, हवा आणि पाणी, आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

आपल्या बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी जड, बायकार्बोनेट भरपूर. फिकट बिअरला हे पाणी मारतं: मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, आंबटपणा हवा तेवढा वाढत नाही आणि शेवटी जिभेवर खरखरीत कडवटपणा राहतो. गडद माल्ट (मोड आणून भाजलेलं धान्य) स्वतःच आंबट असतो, तो हे पाणी बराच सावरून घेतो. म्हणून इथली डुबेल सरस आणि ट्रिपेल नीरस. आरओचं पाणी मिसळतो असं खिडकीवर सांगतात. मिसळत असतील, पण ट्रिपेलमध्ये ते पुरेसं जाणवत नाही.

हवेचं त्याहून वाईट. बेल्जियन यीस्ट १८-२० अंशांवर लावून हळूहळू चढू देतात, तिथवर ते गुणी. पहिल्या दोन-तीन दिवसांत चिलर कमी पडून तापमान पार चढलं, तर घशाला चटका देणारे जड अल्कोहोल तयार होतात आणि ते नंतर कशाने जात नाहीत. एप्रिल-मेत पारा ४० च्या वर, त्यात वीज जाणार. उन्हाळ्यात लावलेली ट्रिपेल घेऊच नका. डिसेंबर-जानेवारीत लावलेली असेल तर अर्धा ग्लास मागून बघायला हरकत नाही. 'ही कधी लावलेली?' असं सरळ विचारा, सांगतात.

विटमध्ये निम्म्याच्या आसपास माल्ट न केलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल. बेल्जियममधल्या होगार्डन गावात पिअर सेलिस यांनी १९६० च्या दशकात पुन्हा उभा केलेला हा प्रकार. इथे धणे किंचित जास्त पडलेत. ग्लास कोमट झाला की साबणाची झाक येते, म्हणून विट थंड असतानाच संपवा. वर संत्र्याची फोड लावून आणतात, ती काढून ठेवा. तिच्या रसाने फेस बसतो.

डुबेलचं उलट. ती ८ ते १२ अंशांवर प्यायची असते आणि हे लोक फ्रीझरमधल्या ग्लासात आणतात. काच पांढरी पडलेली, फेसात बर्फाचे कण, वास शून्य. परत करा. 'फ्रीझरचा नको, गार पाण्याने विसळून ओला ग्लास द्या' एवढं सांगितलं की देतात. मग दहा मिनिटं हात लावू नका. हळूहळू मनुका, खजूर, काकवी असं एकेक वर येतं आणि शेवट कोरडा, गोडसर चिकटपणा नाही. मराठवाड्यात बसून इतकी नेटकी डुबेल मिळावी याचा आनंद एवढा होतो की रस्ता विसरायला होतं. म्हणूनच परतीचं वर आधी लिहून टाकलं.

बाटल्या 'पार्सल ऑफिस'च्या कपाटात मांडल्यात आणि कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. ऊन आणि उष्णता दोन्ही बिअरच्या मुळावर. हिरव्या काचेतलीला उन्हाने कुबट दर्प येतो, बाकीच्यांना ओल्या पुठ्ठ्याचा. घ्यायचीच असेल तर आतल्या फ्रीजमधली, उभी ठेवलेली, मागची तारीख वाचून. आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या. पण किंमत पाहता, नकोच.

आता बिल. ग्लासावर ३३ सेंटिलिटरची रेघ असते. दोन बोटं फेस हवाच, पण तो रेघेच्या वर. रेघेखाली फेस म्हणजे माप कमी, भरून मागा. दुसरं, दारूवर जीएसटी लागतच नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट, परमिट रूमला २०२३ च्या नोव्हेंबरात ५ वरून १० टक्के केलेला. जीएसटी फक्त खाण्यावर, ५ टक्के. इथे दोन्हींवर लावतात आणि वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. हिशेब बघा: ४५० च्या दोन बिअर आणि ६०० चं खाणं. व्हॅट ९०, जीएसटी ३०, मिळून १६२० व्हायला हवेत. बिल येतं १८२२ रुपये ५० पैसे. म्हणजे १५० सर्व्हिस चार्ज, आणि बिअर, खाणं व सर्व्हिस चार्ज अशा १६५० वर जीएसटी ८२ रुपये ५० पैसे. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. खिडकीवर आवाज न चढवता सर्व्हिस चार्ज खोडून आणि जीएसटी फक्त खाण्यावरचा करून मागा. 'सिस्टिममधून येतं' असं म्हणतील; १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक त्यांच्यासमोर लावायला घेतला की सिस्टिम सुधारते. हे सगळं गोळा हातात असतानाच करायचं, कारण एकदा गोळा दिला की बिल बंद. दारू पिण्याच्या एका दिवसाच्या परमिटचे ५ रुपये लावले असतील तर त्यावरून भांडू नका, ते कायद्याने आहेत.

खाण्यात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) असेल तर डुबेलबरोबर तोच. हिवाळ्यात हुरडा आणि विट. शेंगदाण्याची तिखट चटणी आणि मसाला पापड टाळा. तिखटावर जोरदार वायूची बिअर गेली की नुसती आग होते, चव कळत नाही. फ्राइज एकदाच तळलेल्या, मऊ. बेल्जियन म्हणायच्या तर दोनदा तळायला हव्यात.

दुसऱ्या दिवशी वेरूळ केलं, छान झालं. मंगळवारी बंद असतं.

ओळखपत्र न्या. माइल्ड म्हणजे ५ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला वय २१ पूर्ण लागतं, त्यावरच्या सगळ्याला २५; डुबेलसाठी विचारतातच. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपास ड्राय डे, तेव्हा जाऊ नका. शेवटचं तिकीट साडेदहाला फाटतं आणि बिलाच्या दुरुस्तीला अर्धा तास सहज जातो, म्हणून गाडीवाल्याला अकराची वेळ द्या.