न्हाणीघर आणि १२ फुटांची वाट

मूल्यांकनाचे दोन रिपोर्ट हातात पडले तेव्हा आधी वाटलं, दोन वेगळ्या मिळकतींचे असतील. एकातली किंमत दुसऱ्यातल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. पण प्लॉट तोच आणि घरही तेच. भर शहरात, रस्त्याला ६० फूट तोंड आणि आत १८० फूट खोली असलेला लांबट प्लॉट, आणि त्यावर साडेनऊशे चौरस फुटांचं जुनं बैठं कौलारू घर. आईवडिलांच्या मागे बहीण-भावाच्या नावावर निम्मं निम्मं. थोरली बहीण तिथेच राहते, धाकट्या भावाला विकून मोकळं व्हायचंय. दोघांनी आपापला व्हॅल्युअर आणला, त्यातून काही निघेना, म्हणून दोघांच्या वकिलांनी मिळून तिसरा व्हॅल्युअर म्हणून मला नेमलं.

खरे आकडे इथे देता येणार नाहीत. घर नसलेल्या मोकळ्या प्लॉटला बाजारात जे येईल ते १०० धरतो, बाकी सगळं त्या हिशेबात सांगतो.

भावाच्या बाजूचा रिपोर्ट म्हणत होता ११८. त्यात जमिनीला बिल्डरचा दर लावला होता आणि वर घराची घसारा, म्हणजे झिजेची घट, वजा जाता किंमत मिळवली होती. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक आहे. बिल्डरचा दर मिळतो तो घर पडणार म्हणून, आणि घराची किंमत धरायची तर ते उभं राहायला हवं. झाड तोडून लाकूड विकायचं आणि त्याच झाडाच्या सावलीचं भाडंही धरायचं, असा तो हिशेब. शिवाय दर घेतला होता दोन-अडीच हजार चौरस फुटांच्या प्लॉटचा आणि तो जसाच्या तसा १०,८०० फुटांना लावला होता. मोठा प्लॉट एका हाताने घेणारे थोडे असतात, म्हणून फुटामागे दर उतरतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात.

बहिणीच्या बाजूचा रिपोर्ट म्हणत होता ५५. आसपास विकली गेलेली तशीच जुनी छोटी घरं घेतली, त्यांचा बांधकामाच्या फुटामागे दर काढला आणि साडेनऊशेने गुणला. ती घरं उभी होती याच्या पाव प्लॉटवर. इथली उरलेली जमीन ‘परस’ या एका शब्दात संपवली होती. घर झिजतं, जमीन झिजत नाही. हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएएस १६ सुद्धा जमीन आणि इमारत वेगळी मांडायला लावतं आणि जमिनीवर सहसा घसारा धरत नाही. फुटामागे एकच दर काढून दोन्ही त्यात कोंबले की काय होतं, त्याचा तो रिपोर्ट नमुना होता.

मला जास्त राग आला तो दोन्ही रिपोर्टांतल्या नकाशाचा. दोघांनीही मंजुरीचा जुना नकाशा जोडला होता. प्रत्यक्ष टेप लावली असती तर कळलं असतं की नकाशात नसलेलं काहीतरी जागेवर आहे.

घर ३४ फूट रुंद. डाव्या हाताला हद्दीपर्यंत ८ फूट, उजव्या हाताला १८. पण उजव्या भिंतीला लागून नंतर कधीतरी न्हाणीघर आणि संडास बांधलेला, साडेसहा फूट बाहेर आलेला. म्हणजे तिथे उरले साडेअकरा फूट. या भागाच्या नियमांत मागच्या भागाचा स्वतंत्र प्लॉट पाडायचा तर त्याला किमान १२ फुटांची स्वतःची वाट लागते आणि पुढच्या घराला बाजूने ५ फूट सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपर्यंत मोकळी जागा, सोडावं लागतं. न्हाणीघर नसतं तर १८ मधून १२ वजा जाऊन ६ फूट राहतात, दोन्ही अटी बसतात. न्हाणीघर आहे तोवर वाटच बसत नाही.

यावर इतकं लिहितोय, कारण मोठ्या प्लॉटवरच्या छोट्या घराचा अर्धा निकाल घर कुठे उभं आहे यावरच लागतो. मागची जमीन वेगळी विकता येत असेल तर तिला तिची स्वतःची किंमत. विकता येत नसेल तर ती फक्त मोठं अंगण, आणि अंगणाला गिऱ्हाईक फार थोडं जास्त देतं. हेच घर मधोमध उभं असतं, दोन्हीकडे १३ फूट सोडून, तर विषय तिथेच संपला असता.

घरात बहिणीने स्वतः सगळं दाखवलं. भिंती चुन्यात बांधलेल्या, चौदा इंची, ओळंब्याला सरळ. पुढच्या खोलीत कमरेपर्यंत ओल होती. भावाच्या रिपोर्टात तिला ‘पाया खचल्याची लक्षणं’ म्हटलं होतं. ते साफ चूक आहे. चुन्याच्या भिंतीवर मागाहून सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती वर चढते. पाया खचला असता तर दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्या असत्या. त्या नव्हत्या. वाशांची टोकं मात्र मी टोचा घालून एकेक पाहिली, कारण लाकूड सडतं ते भिंतीत शिरलेल्या टोकाशी, खोलीत दिसणाऱ्या भागात नाही. दोन टोकं मऊ लागली, बाकी ठणठणीत. घराचं वय सत्तरीचं, पण अवस्था चाळिशीतल्या घराची. शून्य म्हणावं असं ते घर नव्हतं.

मग मागे गेलो. घरापासून निघालेली ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं एकामागून एक उघडत गेलो, तर ओळ थेट परसात, शोषखड्ड्यापाशी संपली. म्हणजे मागचा भाग विकला तर पुढच्या घराचा मैला दुसऱ्याच्या जमिनीत. लाइन रस्त्याच्या बाजूला फिरवावी लागणार, तोही खर्च आला.

‘भाऊ, पाडायचंच असेल तर एवढं काय बघताय?’ बहिणीने मला विचारलं. मी म्हटलं, ‘ताई, पाडायचं की नाही हे ठरवायच्या आधीच बघावं लागतं.’

आता हिशेब. मूल्यांकनाचा नियम असा की मिळकतीचा जो वापर प्रत्यक्ष शक्य, कायद्याने मान्य आणि पैशाच्या दृष्टीने परवडणारा आहे, त्यातल्या सर्वांत जास्त किंमत देणाऱ्या वापरावर आकडा काढायचा. वाजवी किंमत कशी मोजायची हे सांगणाऱ्या आयएफआरएस १३ या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच निकष आहेत. इथे वापर दोनच संभवत होते.

पहिला, घर पाडून अख्खा प्लॉट विकायचा. १०० येणार, पाडकाम आणि राडारोडा हलवण्याचे २ जाणार. ९८.

दुसरा, न्हाणीघर पाडायचं, मागच्या पडवीत नवं बांधायचं, ड्रेनेज फिरवायचं आणि प्लॉटचे दोन भाग करायचे. पुढे ४८ बाय ७५ चा तुकडा घरासकट, त्याचे ४७. मागे ६० बाय १०५ आणि वाटेची पट्टी, त्याचे ५२. खर्च ४. एकूण ९५. मागच्या तुकड्याचा आकडा पट्टा पद्धतीनेही पडताळून पाहिला. तीत रस्त्यापासून आत जमिनीचे एकामागे एक पट्टे पाडतात: रस्त्यालगतच्या पट्ट्याला पूर्ण दर, दुसऱ्याला दोन तृतीयांश, तिसऱ्याला निम्मा. ही पद्धत मी फक्त ताळ्यासाठी वापरतो, मुख्य आधार झालेल्या व्यवहारांचाच.

९८ मोठा, म्हणून किंमत ९८. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

पण वाटणीच्या बाजूने बघा. ९८ चे निम्मे ४९. दुसऱ्या मार्गाने बहिणीकडे ४७ चं घर राहतं, आणि भावाने मागचा भाग घेऊन सगळा खर्च स्वतः उचलला तरी त्याच्या हातात ४८ पडतात. म्हणजे भावाचा एक भाग कमी, बहिणीचे दोन, आणि तिचं घर वाचतं. भांडण चाललं होतं ११८ आणि ५५ मध्ये, आणि प्रत्यक्षात प्रश्न एवढ्याशा फरकाचा होता.

मी हे रिपोर्टात वेगळा परिच्छेद करून लिहिलं, सोबत मोजमापांचं रेखाचित्र जोडलं. मसुदा गेल्यावर भावाच्या वकिलांचा फोन आला. ‘साहेब, आम्ही किंमत विचारली होती, सल्ला नव्हे. तो परिच्छेद काढा.’ बहिणीच्या वकिलांनीही त्यांना दुजोरा दिला, आणि ते मला अजून समजलेलं नाही. बहुधा त्यांना ९८ वरच हरकत घ्यायची होती आणि हा परिच्छेद त्यांच्या आड येत होता. अशिलाचं घर वाचवणारा मार्ग वकिलालाच नको असावा, हे मी या धंद्यात पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी तेवढंच खटकतं.

नेमणुकीच्या पत्रात खरंच एकच आकडा मागितला होता. परिच्छेद मी मुख्य भागातून काढला, पण दुसरा पर्याय तपासून का बाजूला ठेवला हे दाखवणं माझं कामच आहे, या मुद्द्यावर हिशेब आणि रेखाचित्र परिशिष्टात ठेवलं. परिशिष्टं कोणी उघडत नाही हेही मला माहीत आहे. मूल्यांकनकाराने कुठे थांबायचं याबद्दल मी सहकाऱ्यांशी बोललो. दोघेजण म्हणाले, आकडा देऊन बाजूला व्हायचं. मला ते पटत नाही. टेप मी धरली होती, साडेअकरा फूट मी वाचले होते. ते वाचून गप्प बसणं याला तटस्थपणा म्हणायला मी तयार नाही.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. त्यांनी परिशिष्ट वाचलं होतं. विचारत होत्या, पडवीत न्हाणीघर खरंच बसेल का. मी म्हटलं, पडवी ७ फूट रुंद आहे, बसेल, पण आर्किटेक्टकडून काढून घ्या. आणि हेही सांगितलं की मला दोघांनी नेमलंय, त्यामुळे हेच उत्तर मी तुमच्या भावालाही कळवणार. त्याच दिवशी रेखाचित्राचं पान वरती ठेवून परिशिष्ट भावाला पाठवलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.