बेळगावात ड्रोन कुठं उडवायचा

बेळगावला ड्रोन घेऊन जाणार असाल, तर किल्ला, तलाव, देवळं यांची यादी करण्याआधी हे फौजेचं गाव आहे हे ध्यानात घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे, कॅम्पात पायदळाचं प्रशिक्षण चालतं आणि शहराच्या पूर्वेला सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी बांधलेली. आता तिथं प्रवासी विमानंही उतरतात, आणि शिकाऊ वैमानिकांची दोन आसनी विमानंही इथून उडत आली आहेत. मे २०२३ मध्ये त्यातलंच एक विमान सांबऱ्याजवळच्या शेतात तातडीनं उतरवावं लागलं होतं. आत बसलेले दोघं वाचले. ड्रोनवाल्यांच्या गप्पांत ‘एवढ्या खाली कुठलं विमान येतंय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं, त्याला हे उत्तर पुरेसं आहे.

मी सांगलीहून गाडीनं गेले. निपाणीपर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. निपाणीनंतर तंबाखूचा तो ओळखीचा वास, मग संकेश्वर, मग काकती, की आलंच बेळगाव. आत्याचं घर वडगावात. गल्लीत यंत्रमागांची खडखड सकाळी लवकर सुरू होते. पाहुण्याला पहिल्या दिवशी त्रास होतो आणि दुसऱ्या दिवशी तो खडखडीतच झोपतो. आतेभाऊ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याच्याकडं दोन किलोच्या आतला ड्रोन आहे, आणि धंद्यासाठी उडवायचा म्हणून त्यानं रीतसर प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही काढलंय. ते दहा वर्षं चालतं. माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आणि मी हौशी, त्यामुळं मला प्रमाणपत्र लागत नाही. हौसेपुरता असेल तर दोन किलोपर्यंतही लागत नाही. पण नोंदणी करून ओळख क्रमांक घेणं मलाही चुकलेलं नाही. ‘लहान ड्रोनला कसलेच नियम नसतात’ असं दुकानदार सांगतात, ते अर्धं खरं असतं, आणि दंडाची पावती काही अर्ध्याची फाडत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांत दंड एक लाखापर्यंत जातो.

चहा घेत आम्ही दोघांनी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडला. सप्टेंबर २०२१ पासून हा नकाशा सगळ्यांना खुला आहे आणि हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग एवढीच त्याची भाषा आहे. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्म्यावर येते, ६० मीटर. त्याहून जवळ गेलात की पिवळं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी. लाल असेल तर थेट केंद्र सरकारची. बेळगाव शहराचा बराचसा भाग सांबऱ्यापासून १२ किलोमीटरच्या आत येतो, त्यात कॅम्पाची भर. आतेभाऊ म्हणाला, “अक्का, गावात काय काढू नको. उडवायचंच तर पश्चिम भागात जाऊया.”

तरी किल्ला बघायला गेलेच, ड्रोन घरी ठेवून. किल्ल्याच्या आत फौजेचा वावर आहे, रामकृष्ण आश्रम आहे, आणि १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, आहे. या बस्तीचं सगळं वैभव छतात: वर उमलून खाली लोंबणारं दगडी कमळ. मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. वरून काढलेल्या चित्रात यातलं काहीच दिसलं नसतं, फक्त एक काळपट दगडी छप्पर. ड्रोन हाती आल्यापासून प्रत्येक जागा वरूनच छान दिसणार असं आपण धरून चालतो. ते खोटं आहे आणि बऱ्याच देवळांच्या बाबतीत तर साफ खोटं आहे.

डिसेंबरात येणाऱ्यांसाठी आणखी एक. हलगा-बस्तवाडजवळ महामार्गावरून सुवर्ण विधानसौधाची पांढरी इमारत दिसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचं उद्घाटन झालं, आणि हिवाळी अधिवेशन तिथं भरतं तेव्हा अख्खं शहर बंदोबस्तात असतं. नियमांनुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल ठरवू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. म्हणजे काल हिरवा दिसलेला भाग आज हिरवा असेलच असं नाही. नकाशा उडवण्याच्या सकाळी परत बघायचा. आणि १ नोव्हेंबरला, एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं काळ्या दिनाची सायकल फेरी असताना, बेळगावच्या आभाळात काही उडवायची इच्छा कुणाला होत असेल तर त्याला नकाशाची नाही, शहाण्या माणसाची गरज आहे.

पश्चिम भागात गेलो तेव्हा भाताची सुगी चालू होती. लाल माती, कापणी झालेली खाचरं, मळणीच्या मशीनचा धुरळा, मध्येच रताळ्यांची पोती रस्त्याकडेला रचलेली. आतेभावाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेतात, त्यांना विचारून, ड्रोन उडवला. सांबऱ्यापासून आता आम्ही वीसेक किलोमीटर लांब होतो, नकाशा हिरवा होता, आणि तरीही पहिली चौकशी झालीच. शेजारच्या शेतातून एक बाई विळा हातात घेऊनच आल्या.

“काय करूलीस गे? रिंगरोडचा सर्व्हे काय?”

हे मला कुठल्याही नियमावलीत वाचायला मिळालं नसतं. बेळगावभोवतीच्या शेतकऱ्यांनी हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाताना बघितलीय, त्यासाठी आंदोलनं केलीत, कोर्टाची पायरी चढलेत. रिंगरोडच्या भूसंपादनाची टांगती तलवार तालुक्यातल्या अनेक गावांवर आहे. अशा ठिकाणी डोक्यावर घोंगावणारं यंत्र म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे जमीन गेली. मी ड्रोन खाली उतरवला, त्यांना पडद्यावर त्यांचंच शेत दाखवलं. बांध, विहीर, गंजी त्यांनी बोट ठेवून ओळखली. मग म्हणाल्या, “बरं दिसतंय खरं. खरं आधी सांगायचं न्हवं?” दुसरं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बेळगावकरांना सांगायला नको. पुढच्या प्रत्येक शेतात आम्ही आधी बांधावर गेलो, बोललो, मग पेटी उघडली. वेळ जास्त लागला. एका ठिकाणी रताळी उकडून मिळाली, तेव्हा वेळेचा हिशोब सोडून दिला.

राकसकोपचा जलाशय तिथून जवळ. मार्कंडेय नदीवरचा, बेळगावला पाणी पुरवणारा. संध्याकाळच्या उन्हात तो मोहात पाडतो, पण शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या धरणावर कॅमेरा फिरवायचा नाही हे मी स्वतःपुरतं ठरवून ठेवलंय, नकाशाचा रंग काहीही असो. काठावर बसून साधा फोटो काढला. पलीकडं तुडये, म्हणजे महाराष्ट्र. या भागात राज्याची हद्द शेताच्या बांधासारखी कुठूनही आडवी येते. पाटीवरची लिपी बदलली की समजायचं.

दुसऱ्या सकाळी महिपाळगडाच्या बाजूला गेलो. देवरवाडीचा वैजनाथ, वर गड, गडावर नांदतं गाव. हा चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, आणि डोंगराच्या कडेला उभं राहिलं की खाली कर्नाटकातलं सगळं पठार पसरलेलं, धूर नसेल तर बेळगावही. किल्ला म्हटला की पुरातत्त्व खात्याचा विषय येतो, म्हणून तटबंदी सोडून बाहेरच्या मोकळ्या सड्यावर थांबलो. इथं कडेवरून ड्रोन पुढं नेला की तो महाराष्ट्रातून उडून कर्नाटकावर जातो. त्यानं काही फरक पडत नाही. विमान वाहतुकीचा कायदा केंद्राचा, तो शिनोळीच्या नाक्यावर बदलत नाही. बदलतात ते पोलीस आणि वनखातं, आणि ड्रोन पडलाच तर कुठल्या राज्याच्या ओढ्यातून तो उचलायचा एवढं.

डोंगरावर खरी गफलत उंचीत होते. पडद्यावर जी उंची दिसते ती ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची. नियमातले १२० मीटर मात्र ड्रोनच्या खाली जी जमीन आहे तिथपासून मोजायचे. समजा मी कड्यावरून ८० मीटर वर गेले आणि समोर सरळ पुढं निघाले. पडदा शेवटपर्यंत ८० च दाखवणार. पण कड्याखाली जमीन दीडशे मीटर खचली असेल, तर ड्रोन प्रत्यक्षात २३० मीटरवर आहे, म्हणजे मर्यादेच्या जवळपास दुप्पट, आणि हिरव्या पट्ट्याच्या वरच्या पिवळ्यात. नुसत्या ८० वर समाधान मानून उडवणारे कित्येक जण सह्याद्रीत हेच करत असतात. दरीवर जायचंच असेल तर जमिनीच्या उताराबरोबर ड्रोनही खाली उतरवत न्यायचा, प्रसंगी पडद्यावर उंची उणे दिसू द्यायची. तसं केलं की सिग्नल कड्याआड जाण्याची भीती, आणि ड्रोन नजरेआड होता कामा नये हे आहेच. म्हणून मी कड्यापासून फार पुढं गेलेच नाही. सड्याच्या कडेकडेनं, माझ्या डोळ्यांसमोर, घारी येईपर्यंत उडवला. घारींना हवाई नियम लागू नाहीत. दोन घिरट्यांतच त्यांनी मला खाली उतरवलं.

ड्रोनच्या ॲपबद्दलही इथंच सांगते. ॲपनं उडू दिलं म्हणजे कायद्यानं उडू दिलं, असं नाही. कंपनीचा नकाशा कंपनीचा, सरकारचा सरकारचा.

शेवटी खानापूर तालुका. जांबोटीवरून कणकुंबीला गेलो. माउलीचं देऊळ, मलप्रभेचा उगम, आणि चहाच्या टपरीवर गोव्याला निघालेल्या गाड्यांची रांग. इथं ड्रोन पेटीतच राहिला, आणि त्याला एक नाही दोन कारणं. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात, डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेलं. तिथल्या बारापेडे गुहांत जी वटवाघळं राहतात ती जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही, आणि जंगलाची हद्द रस्त्यावरून दिसत नाही. दुसरं कारण कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादईचं पाणी वळवायची कर्नाटकाची योजना. म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक इतकी वर्षं भांडतायत, आणि कळशाच्या कालव्याचं काम याच कणकुंबीत. टपरीवाल्या काकांनी माझी पेटी बघून विचारलं, “चॅनेलवाल्या काय तुम्ही?” नाही म्हटलं. “मग उघडू नका ती. इथं फोटो काढला तर दोन राज्यांचे लोक विचारायला येतात.”

निघायच्या दिवशी आत्यानं कुंद्याचा डबा बांधून दिला. आतेभावाला तेवढ्यात फोन आला. सांबऱ्याकडचं लग्न, मंडप विमानतळाच्या अगदी जवळ, आणि नवऱ्याकडच्यांना वरातीवर ड्रोन पाहिजेच. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “ड्रोन नाही जमणार, दादा. क्रेन आणतो. चाळीस फुटांवरनं अख्खी वरात घेतो, घोड्यासकट.” पलीकडून बहुतेक दुसऱ्या शूटिंगवाल्याचं नाव निघालं असावं. “त्यांना द्या मग,” तो म्हणाला आणि फोन ठेवून क्रेनवाल्याचा नंबर शोधायला लागला, कारण त्याच्या मते संध्याकाळपर्यंत ती माणसं परत फोन करणार होती.