उरलेली वीस मिनिटं

शिकागोत रस्त्याकडेला पार्किंगचे पैसे घेणारे, नाण्यांवर चालणारे मीटर होते तेव्हा एक छोटंसं सुख अधूनमधून वाट्याला यायचं. गाडी लावून उतरावं, खिशातली चिल्लर चाचपावी, आणि समोरच्या खांबावरच्या मीटरमध्ये बघावं तर वीस मिनिटं शिल्लक! आधीचा माणूस काम लवकर उरकून निघून गेलेला असायचा. त्याचं नाव माहीत नाही, त्याला आपलं माहीत नाही. तेवढ्या वेळात केस कापून होत नाहीत, पण औषधाच्या दुकानातून जाऊन येता येतं. मग आपल्यालाही वाटायचं, चला, पुढच्यासाठी चार मिनिटं ठेवू. हा दानधर्म अगदी स्वस्तातला होता. शहराच्या बहुतेक वस्त्यांमध्ये तासाला पंचवीस सेंट पडायचे, म्हणजे दात्याच्या खिशातून गेलेच तर सात-आठ सेंट.

मीटरचा जन्म मात्र दानधर्मासाठी झालेला नाही. १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटीत पहिला मीटर बसला. कार्ल मॅगी या वर्तमानपत्राच्या संपादकाची ती कल्पना, आणि दर तासाला पाच सेंट. दुकानांत काम करणारी माणसं सकाळीच दारासमोर गाड्या लावून दिवसभर हलायची नाहीत आणि गिऱ्हाइकाला जागा उरायची नाही, हे त्याचं कारण. थोडक्यात, आधीच्याने उठावं आणि नंतरच्याला बसायला मिळावं, एवढ्यासाठी ते घड्याळ खांबावर चढवलं.

लोकांना हे कधी पटलंय? रस्त्यावरची जागा म्हणजे आपली वडिलोपार्जित, असं जगभर समजतात. शिकागोत बर्फ पडलं की माणसं गाडीपुरती जागा उकरतात आणि कामाला जाताना तिथे मोडकी खुर्ची ठेवून जातात. याला इथे ‘डिब्ज’ म्हणतात. कायद्यात बसत नाही, पण खुर्ची हलवायची कुणाची छाती होत नाही. खिडकीतून एसटीच्या सीटवर रुमाल टाकून मोठा झालेला माणूस हे दृश्य बघून परदेशात असल्याचं विसरतो.

अशा लोकांकडून जास्त पैसे मागायचे कुणी? नगरसेवकांना मतं हवी असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं दर तिथेच राहिले आणि मीटर जुने होत गेले. नवे बसवायचे तर पैसा हवा. शिवाय २००८ सालच्या मंदीत अंदाजपत्रकालाच मोठं भोक पडलं होतं. तेव्हाचे महापौर रिचर्ड डेली यांना यावर एकच उतारा सापडला. त्यांनी शहरातले ३६ हजारांच्या आसपास मीटर ७५ वर्षांसाठी भाड्याने देऊन टाकले. मॉर्गन स्टॅन्ली या न्यूयॉर्कच्या बँकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपनीने साधारण ११५ कोटी डॉलर रोख मोजले. व्यवहार जाहीर झाला आणि तीन दिवसांच्या आत नगरपरिषदेने ४० विरुद्ध ५ मतांनी तो मंजूरही केला. आमच्याकडे लग्नाचा हॉल ठरवायलासुद्धा याहून जास्त वेळ घेतात.

पुढच्या वर्षी शहराचा कारभार तपासणाऱ्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. शहराने किमान ९७ कोटी डॉलर कमी घेतले, असा त्यांचा हिशेब होता. आलेल्या पैशांतला बराचसा दोन-तीन वर्षांत खर्चात गेला. कंपनीने मात्र पहिल्या दहा-बारा वर्षांतच मुद्दल वसूल केलं. करार संपणार २०८४ साली. ज्या वर्षी तो सुरू झाला त्या वर्षी जन्मलेलं बाळ तेव्हा अमृतमहोत्सवाचा हार घालून बसलेलं असेल.

मीटर तेवढे सुधारले, हे नाकारता येणार नाही. सुरुवातीचे काही महिने हाहाकार होता. वस्त्यांमधला दर एकदम तासाला एक डॉलर झाला. मुख्य व्यापारी भागात, म्हणजे लूपमध्ये, साडेतीन. दोन तासांसाठी तिथे पंचवीस सेंटची अठ्ठावीस नाणी लागायची. मीटरची पोटं तुडुंब भरून ते बंद पडत, आणि चिडलेले लोक उरलेले फोडत. मग कार्ड घेणाऱ्या पेट्या आल्या, नंतर फोनवरून पैसे भरायची सोय झाली. आज खिशात नाणं लागत नाही. २०१३ पर्यंत लूपमधला दर साडेसहा डॉलरवर गेला, म्हणजे खिशात इतर काही उरण्याचाही प्रश्न मिटला.

दर वाढले याबद्दल माझी तक्रार नाही, हे ऐकून इथले मित्र माझ्याकडे संशयाने बघतात. दर वाढायलाच हवे होते. दिवसभर पंचवीस-पंचवीस सेंटांवर अडून राहिलेल्या गाड्या निघाल्या आणि जागा मिळू लागली, हा फरक मी पाहिलाय. मला खुपतं ते पैसे जातात कुठे, हे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ साली मीटर बसले तेव्हा दुकानदारांचा विरोधच होता. शहराने त्यांना शब्द दिला, की इथे गोळा होणारा पैसा याच रस्त्यांवर खर्च होईल. मीटरच्या उत्पन्नाच्या भरवशावर ५० लाख डॉलरचं कर्ज काढलं आणि पदपथ, दिवे, मागच्या गल्ल्या नीट केल्या. पडकी बाजारपेठ गजबजली. कर्ज त्यांनीही काढलं, पण मीटर कुणाच्या हवाली केले नाहीत. शिकागोत पार्किंगचे पैसे कंपनीचे आणि पार्किंग चुकवल्याचा दंड शहराचा. म्हणजे मी प्रामाणिकपणे पैसे भरतो तेव्हा माझ्या शहराला काही मिळत नाही. मी विसरलो तर मिळतं! नागरिकाने यातून काय बोध घ्यावा?

ती उरलेली वीस मिनिटंही या सुधारणेत गेली. पेटीतून पावती निघायची तेव्हा ती काचेमागे ठेवावी लागे. काही भली माणसं निघताना ती दुसऱ्याच्या हातात ठेवत, एवढी जुनी रीत शिल्लक होती. फोनवर घेतलेला वेळ आपल्या गाडीच्या नंबराला चिकटलेला. मी अर्धा तास आधी निघालो तर तो अर्धा तास कुणालाच मिळत नाही. माझ्या जागी येणारा माणूस त्याच जागेचे, त्याच अर्ध्या तासाचे पैसे पुन्हा भरतो. एकच वस्तू दोनदा विकायची ही युक्ती मंडईत कुणी केली असती तर वजनकाटा डोक्यात बसला असता.

पुण्याहून मामा आले होते तेव्हा त्यांना हा सगळा करार मी समजावून सांगितला. मामा सदाशिव पेठेतले. सम-विषम तारखा बघून रस्त्याच्या कुठल्या बाजूला स्कूटर लावायची, हे त्यांना पंचांगासारखं पाठ. ऑगस्ट महिना होता आणि भारतीय दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूवर भारताच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली होती. चित्ररथ, ढोल, हाताहातांत झेंडे. गाड्यांना रस्ता बंद, त्यामुळे मीटर मुकाट उभे. मी सांगितलं, की जत्रेसाठी, दुरुस्तीसाठी, सायकलींच्या पट्ट्यासाठी शहराने जागा काढून घेतल्या तर त्याचा हिशेब ठेवला जातो आणि ठरल्यापेक्षा जास्त झालं तर शहर कंपनीला भरपाई देतं.

मामा ढोलाच्या आवाजात ओरडून म्हणाले, “म्हणजे आत्ता हा रस्ता बंद आहे, तेही कुणीतरी वहीत मांडतंय?”

“तसंच काहीसं, मामा.”

“आणि ती कंपनी कुणाची म्हणालास?”

“न्यूयॉर्कच्या बँकेची. शिवाय काही वाटा जर्मनीचा, काही अबू धाबीचा.”

मामांनी हातातला झेंडा खाली केला. “अरे, आपण कंपनी सरकार घालवल्याची मिरवणूक काढतोय, आणि तिचं भाडं कंपनीलाच?” मग शेजारच्या अनोळखी गुजराती काकांना गाठून त्यांनी हिंदीत पहिल्यापासून सगळा करार सांगायला घेतला. ते लवकर आटपणार नव्हतं. मी फोन काढला आणि दोन गल्ल्या पलीकडे लावलेल्या गाडीचा वेळ तासाभराने वाढवला.