जुळ्या शेंड्यांचा सायप्रस

घराच्या भिंतीपासून जेमतेम अडीच मीटरवर उभा असलेला तो सायप्रस सुमारे १८ मीटर उंच होता. वरचा अर्धा भाग उतरवला की वादळाची भीती जाईल, असे घरमालकांचे म्हणणे होते. पंधरा वर्षांपूर्वी असाच शेंडा उडवला होता आणि तेव्हा काहीही बिघडले नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. झाडे छाटण्याच्या व्यवसायात ही मागणी मला वारंवार ऐकावी लागते आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसानही तीच करते.

सायप्रस, पाइन, स्प्रूस अशा बहुतेक सूचिपर्णी वृक्षांच्या जुन्या, पर्णहीन लाकडावर पुन्हा कोंब फुटत नाहीत (यू हा त्यातला ठळक अपवाद), त्यामुळे हिरव्या थराच्या आत गेलेली छाटणी कायमची तपकिरी दिसत राहते. शिवाय शेंडा गेला की त्याखालच्या फांद्या वळून सरळ वर चढतात आणि एकाच्या जागी दोन-तीन शेंडे स्पर्धा करू लागतात.

दोर बांधून मी वर चढलो, तेव्हा दहाएक मीटरवर नेमके हेच सापडले. जुन्या घावाच्या दोन्ही बाजूंनी मांडीएवढे जाड दोन शेंडे वाढले होते, त्यांच्या बेचक्यात साल दबून राहिल्याने लाकूड एकजीव झालेले नव्हते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी तिथली चीर उघडमीट करत होती. दाट पाल्यामुळे खालून दुर्बिणीतूनही ती दिसली नव्हती. यांपैकीच एका शेंड्याला माझा मुख्य दोर अडकवण्याचा बेत मी आखला होता, हे आठवून मी निमूटपणे खाली उतरलो.

घरमालकांना चिरेची छायाचित्रे दाखवल्यावर पूर्ण झाड काढायचे ठरले. दुपारी हायड्रॉलिक लिफ्ट आणवून दोन्ही शेंडे आधी पट्ट्यांनी एकत्र आवळले आणि हाताने पेलतील एवढ्याच तुकड्यांत उतरवले. बेचक्याखालचे खोड निरोगी असल्याने तिथून पुढे कप्पी लावता आली. खालच्या सहकाऱ्याने दोर सैल सोडत तुकडा हळूहळू थांबवायचा असतो, नाहीतर झटक्याने सगळे खोड हादरते. एकदा मीच इशारा उशिरा दिला आणि ओंडक्याने छपराची पन्हळ चेपली. ती मी स्वखर्चाने बदलून दिली.

जमीन चिकणमातीची होती. मोठे झाड गेल्यावर अशी माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पायाला धक्का पोहोचू शकतो, म्हणून पायाची तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घेण्यास मी सांगितले. घरमालक मात्र बेचक्याच्या कापलेल्या तुकड्यातील सालीची काळी रेघ बोटाने चाचपत होते. फाटकाजवळच्या दुसऱ्या सायप्रसचा शेंडाही त्याच वर्षी छाटला होता, असे सांगून लिफ्ट पुन्हा कधी आणता येईल, हे त्यांनी विचारले.